दोनशे अकरा कार्यक्रमांची शांतता

१

बायको नॅडीन वारल्यापासून वेंडेल हार्टविगचा दिवस कॅसेटच्या एका बाजूने सुरू व्हायचा. सकाळी सातला लाकडाची शेगडी पेटवायची, ओटच्या लापशीवर मेपलचा पाक ओतून ती उभ्या उभ्याच संपवायची, आणि कॉफीचा मग घेऊन स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत कॅसेटच्या डेकसमोर बसायचं. पंचेचाळीस मिनिटांची एक बाजू ऐकायची आणि ऐकता ऐकता संगणकावर उतरवून घ्यायची. दुपारच्या जेवणाआधी काम बंद. ग्रॅनाइटच्या कारखान्यात दगड कापायची यंत्रं दुरुस्त करण्यात ज्याची चाळीस वर्षं गेली, त्याला असं वेळापत्रक लागतंच. ते नसलं तर व्हरमाँटचा हिवाळा एकट्या माणसाला खायला उठतो.

कॅसेटी सहाशेच्या वर होत्या आणि सगळ्या एकाच बँडच्या: टॅलो क्रीक. नाव ऐकलं नसेल तर काही बिघडलं नाही. रेडिओवाल्यांनी त्यांना कधी विचारलं नाही, आणि स्टुडिओत बसून त्यांनी जे चार अल्बम काढले ते त्यांच्या चाहत्यांनीही दुसऱ्यांदा लावले नाहीत. त्यांची सगळी करामत मंचावर. तेच गाणं आज सात मिनिटं, उद्या सत्तावीस. मधेच गिटारवाला वाट सोडून रानात शिरायचा आणि बाकीचे चौघे निमूट त्याच्या मागे. कधी सोनं घेऊन परत यायचे, कधी काट्यांनी ओरबाडून, आणि कोणत्या दिवशी काय होईल ते त्यांनाही ठाऊक नसायचं. म्हणून चाहते प्रत्येक कार्यक्रम टेप करायचे. बँडची त्याला परवानगी होती. सभागृहाच्या मागच्या बाजूला उंच दांड्यांवर माईक उभे राहायचे, आणि पुढच्या आठवड्यात त्या टेपा टपालाने देशभर फिरायच्या. तुम्ही कोरी कॅसेट पाठवायची, समोरच्याने ती भरून परत करायची.

टेपवाल्यांचा आपसात एक नियम होता, आणि तो फार कडक होता. माईकखाली बोलायचं नाही.

वेंडेल या नियमाचा पुजारी. ‘वेंडेलची टेप’ म्हटलं की ओरेगॉनपासून जॉर्जियापर्यंत लोक डोळे मिटून घ्यायचे. शेजारच्याची शिंक नाही, शिट्टी नाही, कुजबुज नाही. आणि त्याच्या शेजारी एकोणीस वर्षं, दोनशे अकरा कार्यक्रमांना, नॅडीन उभी असायची. दातांत छोटी विजेरी धरून ती गाण्यांची यादी पेन्सिलीने लिहायची. तिला काही बोलायचं झालं की ती आधी लांब श्वास घ्यायची. तेवढ्यात वेंडेलचं बोट ओठांवर जायचं. “श्श.” रागाने नाही, माणूस झोपलेल्या बाळाजवळ करतो तसं. ती श्वास सोडून द्यायची आणि पुन्हा यादीकडे वळायची.

मार्चमध्ये ती गेली. ऑगस्टमध्ये एकदा भांडी घासताना वेंडेलच्या लक्षात आलं की तिचा आवाज आपल्याला आठवत नाही. चेहरा आठवत होता, हाताची पाठ आठवत होती, चिडली की ती कशी दार लावायची तेही. आवाजाच्या जागी मात्र नुसतं भोक. फोनच्या यंत्रावरचा निरोप वेंडेलचाच होता. मुलीच्या शाळेतल्या समूहगानाची टेप त्यानेच केली होती, अर्थातच नॅडीनला गप्प बसवून. मुलीच्या फोनमध्ये आईचे निरोप होते, ते जुन्या फोनबरोबर गेले. घरात सहाशे कॅसेटी होत्या आणि बायकोचा एक शब्द नव्हता.

त्यामुळे आता तो संगीत ऐकत नव्हता. संगीताच्या खालचं ऐकत होता. दोनशे अकरांपैकी एका तरी टेपमध्ये आपण ढिले पडलो असू, एखादं वाक्य निसटून आत आलं असेल, अशी आशा धरून तो रोज बसायचा. एक वाक्य पुरे होतं. ‘थंडी वाजतेय’ एवढंही चाललं असतं.

२

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ग्लेन्स फॉल्स गावातल्या कार्यक्रमाच्या टेपची पाळी आली. नोव्हेंबर एक्क्याण्णव, बर्फावरच्या हॉकीचं मैदान, पायाखालच्या फळ्यांखाली बर्फ.

ही टेप त्याला तोंडपाठ होती. हिच्यावर त्याने चाहत्यांच्या पत्रिकेत दोन पानी लेख लिहिला होता. त्यात ‘पाणचक्की’ हे गाणं सत्तावीस मिनिटं चाललं होतं, आणि एकोणिसाव्या मिनिटाला एक चमत्कार होता. ढोलवाल्याची काठी हातातून सुटते, तो चुकतो, त्या चुकीने सगळे गोंधळून थांबतात, आणि बासवाला एकटाच एक सूर धरून राहतो. पाच हजार माणसं श्वास रोखतात. बारा सेकंद. मग गिटार त्या एका सुराचं बोट धरून वर येते आणि सगळं सभागृह फुटतं. वेंडेलने लिहिलं होतं की त्या बारा सेकंदांसाठी हा बँड जन्माला आला असावा. लेख वाचून नॅडीन म्हणाली होती... काय म्हणाली होती, तेही आता आठवत नव्हतं.

काठी पडली. बासचा सूर राहिला. आणि कोणीतरी माईकखाली लांब श्वास घेतला.

“श्श.”

वेंडेलने कॉफीचा मग खाली ठेवला. टेप मागे नेली. काठी, बासचा सूर, श्वास. “श्श.”

श्वास तिचा होता. पण हे इथे नव्हतं. ही टेप त्याने तीनशे वेळा ऐकली असेल. असला डाग असता तर त्याला कधीच झोप लागली नसती.

कारण शोधायला त्याला वेळ लागला नाही. यंत्रातला माणूस तो. टेप वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यात उतरतो, पुस्तकातली शाई समोरच्या पानावर उतरावी तसा. असंच काहीतरी झालं असेल. पण उतरायलाही आधी कुठेतरी आवाज असावा लागतो. तो विचार त्याने बाजूला सारला, आणि श्वास पुन्हा ऐकला. दहा महिन्यांत पहिल्यांदा ती खोलीत होती. त्या दिवशी त्याने जेवणाची वेळ चुकवली.

३

ऑझी पेट्राकिस हा त्याचा टेपवाला मित्र, दोन गावं पलीकडे राहणारा. ग्लेन्स फॉल्सची पहिली प्रत त्याच्याकडे होती. वेंडेलने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तो कॅसेट आणि सफरचंदाचे डोनट घेऊन हजर झाला.

“वेंडेलच्या टेपमध्ये आवाज!” दारातूनच तो ओरडला. “अरे, पेपरात द्यायला हवं हे. मी एकदा तुझ्या शेजारी उभं राहून खोकलो होतो, तर तू सहा महिने मला टेप पाठवली नाहीस लेका.”

“बस. लाव तुझी.”

ऑझीने आपली प्रत डेकमध्ये घातली. दोघे खुर्च्या ओढून बसले. ऑझी डोळे मिटून मान डोलावत होता. काठी पडली तशी तो गालात हसला. मग बासचा सूर, मग श्वास, मग “श्श.”

“बघ,” वेंडेल म्हणाला. “तुझ्यातही आहे.”

ऑझीचे डोळे उघडे होते. तो डेककडे बघत नव्हता, वेंडेलकडे बघत होता.

“काय रे?”

“काही नाही.” ऑझीने टेप थांबवली. कॅसेट काढून डबीत घालताना त्याची डबी दोनदा निसटली. “माझे कान गेलेत आता. मला कुठे काय ऐकू येतंय?”

“श्वास ऐकू आला की नाही, तेवढं सांग.”

“आला.” ऑझीने कोट चढवला. डोनटची पिशवी तशीच राहिली. पायरीवर जाऊन तो वळला. “वेंडेल, टेप ऐकताना तू हात कुठे ठेवतोस?”

“मांडीवर. आणखी कुठे ठेवणार?”

“हं,” ऑझी म्हणाला. “कोरीनला बोलावून घे जरा. एकटा नको ऐकूस हे.”

कोरीन म्हणजे वेंडेलची मुलगी, ऑल्बनीला राहणारी. बापाचं डोकं फिरलंय असं ऑझी तिला सांगणार, हे वेंडेलला कळलं आणि त्याला राग आला. साठीत आल्यावर सगळेच दुसऱ्याचं डोकं तपासायला निघतात. त्याने दार लावलं आणि पुन्हा डेकसमोर बसला.

४

आवाज कानाने कळतो तसा संगणकावर डोळ्यांनीही दिसतो. एक आडवी रेघ असते, आणि आवाज असेल तिथे ती फुगते. वेंडेलने ती बारा सेकंदं पडद्यावर मोठी करून पाहिली.

बासचा सूर सपाट पट्ट्यासारखा दिसत होता. त्यावर श्वासाचा फुगवटा. आणि त्याच्यापुढे, त्याला जिथे एक “श्श” ऐकू येत होतं आणि मग नुसता बास, तिथे रेघ शांत नव्हती. बारीक बारीक उंचवटे, मधे खाचा, पुन्हा उंचवटे. टेपा उतरवताना तो असल्या रेघा रोज बघत आला होता. संगीत असं दिसत नाही. माणूस बोलला की असं दिसतं.

कोणीतरी तिथे बारा सेकंदं बोलत होतं आणि त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

त्याने आवाज वाढवला. हेडफोन लावले, काढले. एक कान झाकून ऐकलं, दुसरा झाकून ऐकलं. प्रत्येक वेळी श्वास, आणि त्यावर लगेच ते “श्श,” इतकं जवळ की मानेवरचे केस उभे राहायचे. शेगडीत लाकूड तडकलं तरी तो दचकायला लागला. कपाळ डेकला टेकवून तो म्हणाला, “बोल ना गं. आता कोण अडवतंय तुला?” मग स्वतःचीच लाज वाटून उठला आणि उगाचच चुलीवरचं भांडं सरळ केलं.

रोज तो कॅसेट नव्याने उतरवून घ्यायचा, जुनी उतरवलेली सदोष असेल म्हणून. चौथ्या दिवशी त्याने पहिल्या दिवसाची आणि आजची रेघ एकाखाली एक ठेवली. वरची बारा सेकंदं. खालची नऊ. शेवटचे उंचवटे गेले होते आणि तिथे बासचा सपाट पट्टा होता.

आठवड्याअखेर चार सेकंदं उरली.

वेंडेलने हात मांडीवर दाबून धरले. तो ऐकत होता म्हणून ते संपत चाललं होतं. याला कारण नव्हतं, पुस्तकात याचं नाव नव्हतं, पण रेघ खोटं बोलत नव्हती. बायकोच्या वाक्याचे दोन तृतीयांश त्याने कान लावून लावून खाऊन टाकले होते. त्या दिवशी त्याने डेकची वायर भिंतीतून काढली आणि कोरीनला फोन केला.

५

शनिवारी दुपारी कोरीन आली. बर्फातून तीन तास गाडी हाकून आल्यामुळे ती आधीच वैतागली होती. आल्या आल्या तिने फ्रिज उघडून बघितला.

“डॅड, या घरात मोहरी आणि डोनट सोडून खायला काही आहे का?”

“आधी ऐक. मग जेवू.”

“ऑझीचा फोन आला होता मला.”

“येणारच. त्याला दुसरा उद्योग काय आहे?” वेंडेलने वायर जोडली. “एकदाच लावणार आहे. नीट ऐक, आणि काय ऐकलंस ते मला सांग. बाकी काही नको.”

कोरीन आईच्या खुर्चीत बसली. तिने लहानपणी या संगीताचा जितका तिरस्कार केला होता तितका भोपळ्याच्या भाजीचाही केला नव्हता, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. काठी पडली. बासचा सूर राहिला. श्वास आला.

“श्श.”

कोरीनचा चेहरा पांढरा पडला. तिचा हात पुढे आला आणि तिने वेंडेलचं मनगट धरून खाली ओढलं. तेव्हा वेंडेलने पाहिलं. त्याचं बोट त्याच्या ओठांवर होतं. ते तिथे कधी गेलं ते त्याला माहीत नव्हतं. ओठ अजून पुढे आलेले होते.

“तू करतोयस ते,” कोरीन म्हणाली. “टेपमध्ये काही नाही तसलं. तू करतोयस, डॅड. मॉम बोलतेय आणि तू तिला गप्प करतोयस.”

“बोलतेय?” वेंडेल खुर्चीतून पुढे वाकला. “काय बोलतेय?”

“‘वेंडेल, खरं सांग. मी आले नसते तर...’ एवढंच. मग तू श्श केलंस आणि ती थांबली.” कोरीन रडायला लागली होती. “इतकं स्पष्ट आहे, डॅड. शेजारी बसून बोलल्यासारखं. तिचा सर्दीतला आवाज.”

मुलीने आवाज ऐकला होता. त्याच खोलीत, त्याच हवेत तो आवाज येऊन गेला होता. त्याला तिचा हेवा वाटला, स्वतःच्या मुलीचा. इतका कडू हेवा त्याला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता.

“पुन्हा लाव,” तो म्हणाला. “मी तोंड बांधतो. माझे हात धर.”

“नको.” कोरीनने डेकवर तळहात ठेवला. “तू बाहेर जा. तू नसलास की मी लावते. पूर्ण ऐकते आणि तुला येऊन सांगते, शब्दन् शब्द. तुझ्यासमोर ती बोलणार नाही.”

ते वाक्य त्याला लागायचं तसं लागलं. तो उठला.

६

अंगणात तो कोट न घालताच उभा राहिला. शेजाऱ्यांच्या छतावरून बर्फ घसरून धप्पकन पडलं. लांब रस्त्यावर बर्फ ढकलणारी गाडी खरडत गेली. त्याला सगळं ऐकू येत होतं, अगदी भिंतीतून झिरपणारी ‘पाणचक्की’ सुद्धा, आणि मग ती थांबलेली. बारा सेकंदांना बारा सेकंदंच लागतात. कोरीन बाहेर यायला पंधरा मिनिटं लागली.

ती पायरीवर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. ती वयाने मोठी दिसत होती. त्याच्याजवळ येऊन तिने त्याच्या स्वेटरच्या बाह्या धरल्या, लांब श्वास घेतला आणि बोलायला लागली.

वेंडेलला बर्फ ऐकू येत होतं. तिच्या बुटांखाली ते करकरलं. तिच्या नाकातून वाफ निघत होती, ओठ हलत होते, दात दिसत होते. आवाज येत नव्हता. त्याने घाबरून स्वतःच्या हाताकडे बघितलं. हात खाली होता. तोंड बंद होतं. तरीही मुलीच्या तोंडाच्या जागी एक स्वच्छ, निर्मळ शांतता होती, शिंक नाही, कुजबुज नाही. असली शांतता त्याला दोनशे अकरा वेळा मिळाली होती आणि प्रत्येक वेळी तिचा अभिमान वाटला होता.

कोरीनचे ओठ थांबले. भुवया वर गेल्या. ती उत्तराची वाट बघत होती.

कानावर हेडफोन असताना कोणी काही विचारलं तर टेपवाला काय करतो? ऐकू आलं नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि टेप चालू असते. तो होकारार्थी मान हलवतो. काय विचारलं ते नंतर बघू, आता हो म्हण. वेंडेलच्या मानेला एकोणीस वर्षांची ती सवय होती. त्याने मान हलवली.

कोरीनने बाह्या सोडल्या. तिने पुन्हा विचारलं, सावकाश, एकेका शब्दावर थांबून, माणूस दुसऱ्याला अजून एक संधी देतो तसं. वेंडेलने पुन्हा मान हलवली.

मग ती त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली की त्याला पायांतली थंडी जाणवायला लागली. ती वळली आणि गाडीत बसली. गाडीचं दार, इंजिन, खडीवरची चाकं, सगळं त्याला नीट ऐकू आलं. गाडी वळणाआड गेल्यावर त्याच्या डोक्यात ती दोन टोकं एकत्र आली. वेंडेल, खरं सांग. मी आले नसते तर. आणि पुढे काय असणार, हे कळायला टेप लागत नव्हती. मी आले नसते तर तुला जास्त बरं वाटलं असतं का? आणि मुलीने ते खरं का म्हणून विचारल्यावर त्याने दोनदा मान हलवून हो म्हटलं होतं.

“नाही!” तो रिकाम्या रस्त्यावर ओरडला. “नाही, कोरीन! नाही!”

आत जाऊन त्याने फोन केला. तिने उचलला नाही. त्याने ग्लेन्स फॉल्स लावली. काठी पडली, बासचा सूर राहिला, आणि बारा सेकंदं तिथे दुसरं काहीही नव्हतं. श्वासही नव्हता. पडद्यावरची रेघ सपाट होती.

मग त्याने कपाटातून जुना माईक काढला, पुसला, डेकला जोडला आणि कोरी कॅसेट घातली. लाल बटण दाबलं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचं सुचलं नाही.

“नाही, नॅडीन,” तो माईकमध्ये म्हणाला. “तू आली नसतीस तर मी गेलोच नसतो. बँड चांगला होता गं, पण इतकाही नव्हता. दुसऱ्या दिवशी गाडीत तू यादी वाचून दाखवायचीस ना, त्यासाठी मी जायचो. एकोणीस वर्षं त्यासाठी गेलो. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.” बोलायचं अजून खूप होतं, पण एवढं तरी नीट आलंय का ते त्याला आधी ऐकायचं होतं. त्याने बटण सोडलं, कॅसेट मागे नेली आणि डोळे मिटून लावली.

आधी खोली ऐकू आली, शेगडीतली धग, छतावरून ठिबकणारं पाणी. मग त्याचा स्वतःचा श्वास, बोलण्याआधी घेतलेला, लांब. आणि त्यावर लगेच, माईकच्या अगदी जवळून, जराही राग नसलेलं:

“श्श.”

ऑगस्टपासून तो नॅडीनचा जो आवाज शोधत होता, तो त्याने लगेच ओळखला. त्यापुढे त्याचा एक शब्दही नव्हता, सगळी बाजू कोरी होती.